गाऱ्हाण्याचा बॉन्ड

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील तर ते लोबो सरांचे. हे आधीच लिहून टाकतो, कारण ज्या दुपारी आबाशेठनी माझा बायोडेटा टेबलावर उलटा ठेवला आणि "ह्या माका नको" म्हणाले, त्या दुपारी मला आधी सरच आठवले.

आबाशेठ म्हणजे तोंडवलीच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका बर्फ कारखान्याचे मालक. मी तिथे ऑपरेटरच्या जागेसाठी गेलो होतो. त्यांना आयटीआय पास माणूस हवा होता. मी एम.टेक. होतो, आणि तेही रेफ्रिजरेशनमध्येच. मला वाटलं होतं, शेठ खूश होतील.

"शिक्षण जास्त झाला," आबाशेठ म्हणाले.

"पण हेच काम शिकलोय, शेठ."

"ताच सांगतंय. तू हयसर रवचंस नाय. मागचो पण शिकलेलो होतो, डिप्लोमा. ऐन बांगड्याच्या दिवसांत पुण्याक गेलो. फोन केलंय तर म्हणता, शेठ, करिअर आसा. हय धक्क्यार बोटी उभ्यो आणि टाकीत नुसता पाणी."

"मग बॉन्ड करून घ्या."

"सही तेनापण केल्यान. कागद माझ्या कपाटात आसा आणि तो पुण्यात आसा."

ओव्हरक्वालिफाइड हा शब्द मी आधी दोन-तीन ठिकाणी ऐकला होता. कुडाळच्या एका कारखान्यात तो फार गोड आवाजात म्हटला गेला. मुलाखत घेणारा आधी तुमचा कागद बघतो, मग तुमचे बूट बघतो, आणि म्हणतो, "तुमच्यासारख्यांना आम्ही काय देणार?" ऐकायला हे कौतुकासारखं असतं. बाहेर आल्यावर एसटीच्या स्टँडवर उभं राहिलं की कळतं, आपल्याला नाही म्हटलंय. मोठ्या कंपन्यांना माझा अनुभव कमी पडत होता आणि छोट्यांना माझं शिक्षण जास्त होत होतं. पुण्यातलं कॉन्ट्रॅक्टवरचं काम संपलं होतं. मसुऱ्याला घरी बाबांचे गुडघे गेले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या माडांवर चढून नारळ पाडणाऱ्या माणसाचे गुडघे गेले की घरात कोणीतरी कामाला लागावंच लागतं.

माझी शाळा त्याच माडांमुळे सुटणार होती. बाबा मला आठवीनंतर हाताखाली घेणार होते. तेव्हा लोबो सर चालत आमच्या घरी आले. ते आम्हाला विज्ञान शिकवायचे. खळ्यात उभे राहून बाबांना म्हणाले, "माडार चढणारे तुका आणखी मेळतले. ह्याका माझ्याकडे ऱ्हवांदे." एवढंच बोलले. चहाही न घेता परत गेले. आमच्या घरात त्याआधी कोणी दहावीपर्यंत पोचलं नव्हतं. माझे दाखले, प्रवेश अर्ज, हॉस्टेल, सगळं त्यांनी बघितलं. आता सर म्हापशाला मुलीकडे असतात. कानांनी कमी ऐकू येतं म्हणून फोन जमत नाही, त्यामुळे आमची पत्रं चालतात. त्यांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक प्रश्न असतो. वर्गातही तोच असायचा. "शिकलेल्यातलं काय वापरलंस?"

त्या प्रश्नाचं उत्तर नसल्यामुळे माझं एक पत्र बरेच दिवस लिहायचं राहिलं होतं.

आबाशेठनी मला घेतलं ते नाइलाजाने. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्यामुळे कारखानाही बंद असतो, आणि त्या दिवसांत मशीन खोलून दुरुस्त करतात. त्याला ओव्हरहॉलिंग म्हणतात. कंप्रेसर खोललेला होता आणि जोडणारा कोणी नव्हता.

"नारळी पुनवेपर्यंत रव," शेठ म्हणाले. "खोललेला आसा ता तरी लागांदे. मगे बघूया."

बर्फाचा कारखाना कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. एक मोठी टाकी असते. तिच्यात मिठाचं पाणी असतं. मिठामुळे ते शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही. त्याला ब्राइन म्हणतात. त्या ब्राइनमध्ये साध्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे बुडवून ठेवतात. ब्राइन गार करायचं काम अमोनियाचं. कंप्रेसर अमोनिया दाबतो, कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकतो, आणि तो परत टाकीतल्या पाइपांत येऊन ब्राइनमधली उष्णता ओढून घेतो. डब्यातलं पाणी गोठलं की लादी तयार. सरांनी आम्हाला आठवीत बादलीभर बर्फात मीठ घालून, त्यात दुधाचा डबा फिरवून आइस्क्रीम करून दाखवलं होतं. कारखाना म्हणजे तीच बादली, फक्त बोटभर चुकलं तर डोळे जातील अशी. अमोनिया नाकाला झोंबतो आणि डोळ्यांना जाळतो.

ओव्हरहॉलिंगचे दिवस चांगले गेले. दाजी मिस्त्री माझ्याबरोबर होते. हे कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर. मी पिस्टनच्या रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासले, कंडेन्सरच्या नळ्यांत साचलेला खार काढला. रोज हात काळे करून घरी जायचो आणि झोप लागायची.

मग नारळी पौर्णिमा आली आणि माझ्या हातून एक चूक झाली. बाहेरच्या माणसाला ती चूक वाटणार नाही, म्हणून समजावून सांगायला हवं.

आमच्याकडे कुठलंही नवं काम सुरू करताना गाऱ्हाणं घालतात. लग्न असो, घर असो, होडी असो, नाहीतर कंप्रेसर असो. एक जाणता माणूस नारळ ठेवून देवाला सगळं मोठ्याने सांगतो. काय हवं, काय टळू दे, कोणाला सांभाळ. प्रत्येक मागणीनंतर जमलेले सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. म्हणजे ही मागणी आमचीही आहे. आमच्याकडचं मूल बोलायला लागतं तेव्हापासून हे शिकतं. ते विचार करून म्हणायचं नसतं. शिंक येते तसं ते येतं.

कारखान्यात गाऱ्हाणं घालायचा मान दाजींचा. सगळे कंप्रेसरसमोर उभे राहिलो. हमाल, टेम्पोवाले युसुफचाचा, दोन बोटींचे तांडेल, शेठ.

"बा देवा म्हाराजा," दाजी म्हणाले, "आज ही तुझी लेकरां हयसर जमली आसत. नारळ ठेवलेलो आसा, तो मानून घे. दर्याक गेलेली होडी भरलेली परत येव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"मशीन सुरू झाल्यार लाईट जाव नये, पट्टो तुटा नये, गॅस फुटा नये, कोणाच्या डोळ्याक इजा होव नये, असा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि हो मसुऱ्याच्या परबाचो झील दीपक, मोठो शिकलेलो, आपल्या पायान हयसर इलो आसा. ह्याचा मन हय रमू दे. मशीन वाऱ्यार पडा नये. ह्याचो पाय हयसून हलू नये, असा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात मीही होतो, आणि माझाच आवाज जरा वर होता.

मागून शेठ माझ्या कानाशी आले. "झाला," ते म्हणाले. "आता बॉन्डाची गरज नाय." आणि बटण दाबायला गेले.

सीझन सुरू झाला. कारखाना धडधडायला लागला आणि मला काम उरलं नाही.

हे खोटं वाटेल, पण चालू मशीनच्या ऑपरेटरचं काम बघण्याचं असतं. दर तासाला प्रेशर बघायचं, ब्राइनचं टेम्परेचर बघायचं, लिहून ठेवायचं. कधी तेल, कधी पट्टा. त्याला डोकं लागतं, पण डोक्याचा एक कोपरा. उरलेल्या डोक्याचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. मी शेडमध्ये फेऱ्या मारायचो. हिशेब करायचो, की कंडेन्सरची बाहेर जाणारी उष्णता वापरली तर काय काय करता येईल. चित्रं काढून शेठना दाखवायचो.

"माका बर्फ व्हयो," शेठ म्हणायचे. "चित्रा नको."

घरी जेवतानाही पाय हलत असायचा. आये विचारायची, "मुंग्यो इल्यो काय?" फोनवर जाहिराती बघायच्या आणि अर्ज टाकायचे, हे हात आपोआप करायला लागला. जायचं म्हणून नव्हे. खाज येते तिथे हात जातो तसं.

त्या बेचैनीत मी एक उद्योग केला. ब्राइन आणखी थंड केलं. थंड ब्राइनमध्ये लादी लवकर गोठते, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त लाद्या. गणित बरोबर होतं. लाद्या भराभर निघाल्या, आणि डब्यातून सुटाव्यात म्हणून साध्या पाण्यात बुडवल्या की तडकायला लागल्या. फार वेगाने गोठलेला बर्फ आतून ताणलेला असतो. बोटीवर टाकला की काचेसारखा फुटतो आणि लवकर वितळतो. एक तांडेल अर्धी लादी हातात घेऊनच ऑफिसात आला.

"शेठ, हो बर्फ काय शोकेसात ठेवूक केलास?"

शेठ माझ्याकडे वळले. "बर्फाकपण एम.टेक. करून घातलंस?"

मी टेम्परेचर परत वर आणलं. लाद्या पहिल्यासारख्या झाल्या. पण मला कळलं, की मी काम करत नव्हतो, कामावर डोकं घासत होतो. असा माणूस ज्या मशीनपाशी उभा असतो, त्या मशीनला तो धोका असतो.

दिवाळीच्या सुमाराला पुण्याहून फोन आला. एक कंपनी कोल्ड स्टोरेज डिझाइन करते. म्हणजे फळं, भाजी, मासे ठेवायच्या थंड गोदामांचे आराखडे. व्हिडिओवर मुलाखत झाली. जे प्रश्न मला दोन वर्षं कोणी विचारले नव्हते ते सगळे विचारले. घाम आला, पण मजा आली. चार दिवसांत एचआरच्या मॅडमचा फोन.

"काँग्रॅच्युलेशन्स, मिस्टर परब. पुढच्या सोमवारी जॉइन होऊ शकाल? सध्याच्या कंपनीत बॉन्ड आहे का?"

"लेखी नाही, मॅडम."

"म्हणजे व्हर्बल कमिटमेंट?"

"गाऱ्हाणं आहे."

पलीकडे टायपिंगचा आवाज आला, मग थांबला.

"हे किती दिवसांचं असतं?" त्यांनी विचारलं.

त्या थट्टा करत नव्हत्या. मला उत्तर माहीत नव्हतं. मी वेळ मागितला. त्यांनी महिनाअखेरपर्यंत दिला. त्यापुढे जागा दुसऱ्याला जाईल, असं सरळ सांगितलं.

घरी आये खळ्यात भात वाळत घालत होती. मी बातमी सांगितली. ती उठून उभी राहिली, हात लुगड्याला पुसले, माझ्या तोंडावरून फिरवले. मग परत बसली.

"शेठीक काय सांगतलंस?"

"चांगली नोकरी मिळाली म्हणून सांगेन."

"आणि देवाक?"

बाबा ओट्यावर पाय पसरून बसले होते. "देवाचा सोड," ते म्हणाले. "दाजी मिस्त्र्याक काय सांगतलंस ता बघ."

मी शिकलेला आहे. देव माझा पाय धरून ठेवील असं मला वाटत नाही. पण शेठ त्या दिवशी मागे उभे राहून निश्चिंत झाले होते, हे मी पाहिलं होतं. त्यांनी दुसरा माणूस शोधणं त्याच दिवशी बंद केलं. मी गेलो असतो तर सीझनच्या मधोमध टाकीत पुन्हा नुसतं पाणी राहिलं असतं. कागद मोडला तर कोर्टात बघता येतं. हे कुठे बघणार? आणि राहिलो तर हा दरवाजा बंद होणार होता. असा दरवाजा मला परत दिसेल याची खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी दाजींना गाठलं. ते पट्ट्याला मेण लावत होते.

"दाजी, गाऱ्हाणा मोडूक येता?"

त्यांनी वर बघितलं नाही. "पुणा?"

"व्हय."

"मोडूक येता नाय. सोडवूक येता. घातला तसाच सोडवचा. तोच जागो, तीच माणसां." मेणाचा तुकडा खिशात टाकून ते म्हणाले, "पण मागितला काय होता ता आठव. मशीन वाऱ्यार पडा नये. तुझ्या पायाची गजाल त्याच्या फुडची. आधी मशीनीक माणूस उभो कर, मगे तुझो पाय उचल."

"माणूस खंयसून आणू?"

"युसुफाचा चेडू पावसात येवन गेला. शमीम. ह्याच कामाचा आयटीआय केलेला. शेठीन 'बघूया' म्हणान घालवल्यान."

ज्या टेबलावर माझा कागद उलटा ठेवला गेला, त्याच टेबलावरून माझ्याआधी एक मुलगी परत गेली होती. माझं शिक्षण जास्त होतं. तिचं जेवढं मागितलं तेवढंच होतं. तरीही.

शमीम तेव्हा तोंडवलीतल्या होमस्टेंचे एसी दुरुस्त करायची. मी गेलो तेव्हा ती स्टुलावर उभी राहून फिल्टर धूत होती. मी सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तू गाऱ्हाण्यात अडाकलंस आणि सुटूक माका बोलवूक इलंस."

"तसंच आहे."

"बरा झाला, खोटा बोललंस नाय." ती खाली उतरली. "माका एसीचो कंटाळो इलोहा. पर्यटक रिमोट हरवतत आणि माका फोन करतत. मोठा मशीन हाताखाली येवचा तर येतंय. पण शेठीक तू सांग. मी एकदा सांगलंय."

शेठना मी सगळंच सांगितलं. ऑफर, मुदत, शमीम. ते खुर्चीत मागे टेकले.

"गेलंस मां शेवटी? मी म्हटललंय."

"गेलो नाही, शेठ. विचारायला आलोय. तुम्ही नाही म्हणालात तर सीझन संपेपर्यंत इथेच आहे."

"आणि मगे जन्मभर माका शिव्या घालतलंस."

"थोड्या घालेन."

शेठना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. मग शमीमला आत बोलावलं.

"हय अमोनिया आसा गो. चेडवाचा काम न्हय."

"शेठ, अमोनियाक खंय कळता, चेडू काय झील?"

"बापाशीक विचारलंस?"

"तोच घेवन इलो. भायर टेम्पोत बसलोहा. आत येवक लाजता."

शेठनी अट घातली. ती माझ्या हाताखाली शिकेल, आणि महिनाअखेरच्या आत एक दिवस पूर्ण कारखाना एकटी चालवेल. त्या दिवशी मी गेटच्या बाहेर. आत पाय टाकायचा नाही. जमलं तर बघूया.

तिला शिकवायला फार लागलं नाही. यंत्र तिला माहीत होतं, फक्त आकार नवा होता. मी जे सांगायचो त्यातलं निम्मं ती "ह्या कशाक?" म्हणून परत करायची. एकदा मी तिला गोठण्याच्या वेळेचं समीकरण समजावत होतो. तिने विचारलं, "ह्याच वापरून तू लाद्यो फोडलंस काय?" त्यानंतर मी समीकरणं बंद केली.

तो दिवस आला. मी गेटबाहेर माडाखाली उभा. दाजी माझ्याजवळ. शेठ ऑफिसच्या दारात, काही न बघितल्यासारखं करत. युसुफचाचा टेम्पोची काच पुसत होते. ती पुसून झालेलीच होती. धक्क्यावर दोन बोटी बर्फाची वाट बघत होत्या.

सकाळ सरळ गेली. आवाजावरून मला कळत होतं, कंप्रेसर कसा चाललाय. एकदा आवाज किंचित बदलला आणि परत ठीक झाला. मी फेऱ्या मारत होतो. दाजी म्हणाले, "बस. वाट झाली थंय, इतको चाललंस."

दुपारच्या सुमाराला वास आला.

अमोनियाचा वास ज्याला माहीत आहे तो आधी वारा कुठून आहे ते बघतो. शेठ दारातून निघून वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन उभे राहिले. हमाल बाहेर आले. युसुफचाचांच्या हातातलं फडकं खाली पडलं. शमीम बाहेर आली नाही.

माझे पाय आत वळले. दाजींनी मागून माझा शर्ट धरला.

"सोडा, दाजी."

"तू आत गेलंस म्हणजे तिचा संपला."

"ती एकटी आहे."

"ता ठरलेलाच होता."

मी ओढ दिली. शर्टाचं बटण तुटलं, पण म्हाताऱ्याने सोडलं नाही. आतून काही ऐकू येत नव्हतं. कंप्रेसरही थांबला होता. युसुफचाचा माझ्याकडे बघत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. हिला इथे मी आणलं होतं. माझ्या पुण्यासाठी आणलं होतं. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात ती नोकरी सोडून दिली होती. खरंच सोडली होती.

मग कंप्रेसर परत सुरू झाला. अडखळला नाही. थोड्या वेळाने शमीम दारात आली. मास्क कपाळावर चढवलेला, डोळे लाल, हातात गंधकाची कांडी. पेटवलेली गंधकाची कांडी फिरवली की जिथे अमोनिया निसटतो तिथे पांढरा धूर होतो. गळती शोधायची ती जुनी आणि सोपी पद्धत आहे.

"व्हॉल्व्हाच्या ग्लँडीक होती," ती म्हणाली. ग्लँड म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग. "मशीन बंद केलंय, घट्ट केलंय, परत बघितलंय. आता नाय."

शेठ वाऱ्याच्या बाजूने चालत आले. घड्याळ बघितलं, धक्क्याकडे बघितलं.

"बर्फ कधी येतलो?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून नव्हे. तिच्याकडे बघून.

महिना संपायच्या आत दाजींनी दुसरं गाऱ्हाणं घातलं. तीच जागा, तीच माणसं, नवा नारळ. शमीम तिच्या वडिलांशेजारी उभी होती.

"बा देवा म्हाराजा, नारळी पुनवेक तुझ्याकडे मागणा केला, मशीन वाऱ्यार पडा नये. आता मशीनीक युसुफाचा चेडू उभा रवला आसा. तेका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"परबाचो झील आपल्या शिक्षणाच्या वाटेक जाता. तेचो पाय मोकळो कर. खंय गेलो तरी मान मेळू दे, पोटाक मेळू दे, असा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." माझे डोळे भरले होते. अमोनिया नव्हता.

"आणि दर पावसाक, मशीन खोलतलव तेव्हा, तो खंयही असांदे, तेची बुद्धी हयसर वळू दे, आणि नारळी पुनवेपर्यंत ह्या मशीन तेच्या हातान जोडून होव दे, असा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

दाजींनी नारळ फोडला. शेठना खोकला आला आणि ते पाठ फिरवून उभे राहिले.

मी पुण्याला गेलो. काम आवडलं. जेवताना पाय हलायचा थांबला. पावसाळा आला तेव्हा रजेचा अर्ज भरला. कारणाच्या जागी काय लिहावं सुचेना, शेवटी "पूर्वीच्या नोकरीतली कमिटमेंट" असं लिहिलं. त्याच मॅडमनी रजा मंजूर केली. खाली त्यांनी एक ओळ टाइप केली होती. "म्हणजे हे दरवर्षीचं असतं."

यातून कोणाला काही घ्यायचं असेल तर एवढंच आहे. माणूस सोडून जाईल ही भीती मालकाला असते तेव्हा त्याला वचन देऊन भागत नाही, दुसरा माणूस द्यावा लागतो. आणि सही करण्याआधी कागद वाचतात, तसं "व्हय" म्हणण्याआधी गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.

राहिलेलं पत्र मी परवा पाठवलं. ते असं.

प्रिय लोबो सरांस,

सप्रेम नमस्कार. पत्राला उशीर झाला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तयार नव्हतं. आता थोडं तयार आहे.

मी सध्या पुण्यात कोल्ड स्टोरेजचे आराखडे करतो. पण हे पत्र पुण्याहून नाही. तोंडवलीच्या एका बर्फ कारखान्यात, उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून लिहितोय. मी इथे ऑपरेटर होतो, आणि आता पावसाळ्यात कंप्रेसर जोडायला येतो. का, ते भेटीत सांगेन. त्यात दाजी नावाचे एक मिस्त्री आहेत, ते तुम्हाला आवडतील.

मी पोचेपर्यंत शमीमने अर्धं मशीन जोडलेलं होतं. इथली ऑपरेटर तीच आहे. दोन रिंगा मी बसवल्या, त्यातली एक तिने काढून परत बसवली. तिने आता डिप्लोम्याला नाव घातलं आहे. आबाशेठ काळजीत आहेत. सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता ह्यापण जास्त शिकला तर मी काय करू?" मी म्हटलं, शेठ, तुम्ही आत्तापासून एक आयटीआयवाला शोधा.

काय वापरलं विचाराल, तर इथे असताना फार थोडं वापरलं. उरलेलं सगळा वेळ आतून धक्के मारत होतं. तेव्हा वाटायचं, तुम्ही खळ्यात येऊन बाबांना जे सांगितलंत ते फुकट गेलं. आता पुण्यात उरलेलं वापरतोय आणि इथलं तिथे उपयोगी पडतंय. निघण्याआधी आमच्या साहेबांना मी सांगितलं की गणित बरोबर असलं तरी लादी फुटू शकते. त्यांनी आराखडा बदलला.

बाबा बरे आहेत. तुमची आठवण काढतात. तुम्ही त्या दिवशी चहा घेतला नाहीत, हे ते अजून बोलतात. या वेळी मी म्हापशाला येतो आणि तुम्हाला घेऊन येतो. आये चहा ठेवील.

आज नारळी पौर्णिमा. दाजी नारळ घेऊन उभे राहिले आहेत आणि मला हाक मारतायत. या वर्षी ते काय मागणार आहेत ते सांगायला तयार नाहीत. मी मागे, टेम्पोपाशी उभा राहणार आहे आणि तोंड उघडणार नाही असं ठरवलं आहे. पण सर, तुम्ही आम्हाला शिकवलंय. मसुऱ्याची पोरं तुम्हाला माहीत आहेत.

तुमचा विद्यार्थी,
दीपक परब